एकच शहर, तीन मतं

सांगली नेमकी कुणाची? काँग्रेसची की भाजपची? निवडणुकांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की कळतं, हे शहर दिल्लीसाठी एक मत देतं, मुंबईसाठी दुसरं आणि गल्लीसाठी तिसरंच. तुम्ही २००० सालानंतर जन्मलेले असाल, तर यातलं तिसरं मत तुम्हाला जानेवारी २०२६ पर्यंत एकदाही देता आलं नव्हतं!

‘तुमची सांगली काँग्रेसची ना?’ पुण्यातला रूममेट विचारतो.

‘छे, ते जुनं झालं. आता भाजपची,’ दुसरा सांगतो.

दोघांकडे पुरावा असतो. पहिला वसंतदादांचं नाव घेतो, दुसरा मोबाइलवर विधानसभेचा निकाल काढून दाखवतो. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात आणि म्हणूनच हा वाद चहाचे चार कप रिकामे झाले तरी संपत नाही.

शहराला एकच रंग देऊन टाकायची आपल्याला सवय झालीय. निकालाच्या दिवशी टीव्हीवर नकाशा येतो, आपलं शहर भगवं नाहीतर निळं-हिरवं दिसतं आणि पाच वर्षं तोच रंग आपल्या डोक्यात बसतो. पण शहर म्हणजे काही भिंत नव्हे, एकदा रंगवली की झालं! १५ जानेवारी २०२६ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. त्यात सांगली-मिरज-कुपवाडही होतं. त्याआधी या शहरानं नेमकं काय केलं होतं, ते जरा शांतपणे बघू. तुम्ही सांगलीचे नसाल तरी वाचा. वाचता वाचता स्वतःच्या शहराचं नाव घालून बघा. तपशील बदलतील, पण हिशेब करायची रीत कामाला येईल.

आधी शहराची ओळख. ९ फेब्रुवारी १९९८ला तीन गावं एकत्र करून ही महापालिका झाली. सांगली म्हणजे हळदीची पेठ, मार्केट यार्ड, सराफ कट्टा. मिरज म्हणजे रेल्वे जंक्शन, दवाखाने आणि तंतुवाद्यं. कुपवाड म्हणजे एमआयडीसी आणि तिथं पोटापाण्यासाठी आलेली माणसं. २०११च्या जनगणनेत तिन्ही मिळून लोकसंख्या ५ लाख २ हजारांच्या आसपास होती. तीन गावं, तीन प्रकारचे धंदे आणि तीन प्रकारची दुखणी. मग मत तरी एका सुरात कसं येणार?

पहिलं मत : दिल्लीसाठी

‘सांगली म्हणजे काँग्रेसचा बालेकिल्ला’ हे वाक्य आलं लोकसभेतून. १९६२ पासून २०१४ पर्यंत सांगलीतून काँग्रेसचाच खासदार दिल्लीला गेला. त्यातही १९८० पासून पुढची चौतीस वर्षं ही जागा वसंतदादांच्या घरात राहिली. आधी स्वतः दादा, मग शालिनीताई, प्रकाशबापू, मदन पाटील, पुन्हा प्रकाशबापू आणि नंतर प्रतीक पाटील. उमेदवार बदलले, उंबरा तोच राहिला.

२०१४ला हा किल्ला पडला. पडला म्हणजे किती? भाजपचे संजयकाका पाटील यांना ६ लाख ११ हजार मतं, तर केंद्रात मंत्री राहिलेल्या प्रतीक पाटलांना ३ लाख ७२ हजार. फरक जवळपास २ लाख ३९ हजारांचा. मोदी लाट होतीच, पण बावन्न वर्षांचा कंटाळाही त्या आकड्यात मिसळलेला होता.

२०१९ला संजयकाकाच पुन्हा निवडून आले. पण तो निकाल जरा जवळून बघा. संजयकाका ५ लाख ८ हजार. दादांचे नातू विशाल पाटील ३ लाख ४४ हजार. आणि वंचित बहुजन आघाडीकडून उभे राहिलेले गोपीचंद पडळकर ३ लाख. दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरची बेरीज साडेसहा लाखांच्या घरात जाते. म्हणजे जिंकलेल्या उमेदवाराला मिळाली त्यापेक्षा बरीच जास्त मतं त्याच्या विरोधात पडली होती, फक्त ती दोन पेट्यांत विभागली गेली. नकाशावर मात्र अख्खी सांगली एकाच रंगात दिसली.

आणखी एक गंमत. त्या निवडणुकीत विशाल पाटलांकडे हाताचा पंजा नव्हताच. आघाडीत जागा स्वाभिमानी पक्षाला सुटली, म्हणून दादांच्या नातवाला बॅट घेऊन उतरावं लागलं.

मग आलं २०२४. महाविकास आघाडीत सांगलीची जागा उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेकडे गेली. उमेदवार डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटील. काँग्रेसचे कार्यकर्ते चिडले, विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, चिन्ह मिळालं लिफाफा. निकाल काय लागला? विशाल पाटील ५ लाख ७१ हजार, संजयकाका ४ लाख ७१ हजार, चंद्रहार पाटील ६० हजार. राज्यातल्या ४८ खासदारांमधला एकमेव अपक्ष खासदार सांगलीनं पाठवला. निवडून आल्यावर त्यांनी पाठिंबा काँग्रेसलाच दिला.

आता ही तीन वर्षं एका ओळीत ठेवा. २०१४ला पंजा होता तरी या घराण्याचा उमेदवार अडीच लाखांच्या आसपास मतांनी पडला. २०२४ला पंजा नव्हता, पक्ष नव्हता, आघाडीचा अधिकृत उमेदवार समोर होता, तरी एक लाखानं निवडून आला. मग हे मत काँग्रेसचं म्हणायचं, दादांच्या घराचं म्हणायचं, खासदारावरच्या नाराजीचं म्हणायचं की ‘आमच्या माणसाचं तिकीट कापलं’ या रागाचं? प्रामाणिक उत्तर एवढंच की हे सगळं त्यात थोडं थोडं आहे. एका शब्दात सांगणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकत असतो.

दुसरं मत : मुंबईसाठी

लोकसभेला ‘बालेकिल्ला’ होता, तेव्हा सांगली शहराची विधानसभा काय करत होती? इथं बऱ्याच जणांचा अंदाज चुकतो.

१९८६ला इथं पोटनिवडणूक झाली. वसंतदादा राज्यपाल होऊन राजस्थानला गेल्यानं जागा रिकामी झाली होती. दादांचे पुतणे विष्णुअण्णा पाटील उभे राहिले. समोर जनता पक्षाचे संभाजी पवार, कुस्तीच्या फडातले ‘बिजली मल्ल’. दादांच्या स्वतःच्या गावात, दादांच्या पुतण्याला या पैलवानानं चितपट केलं. त्यानंतर १९९० आणि १९९५लाही पवारच आमदार झाले. २००९ला ते पुन्हा निवडून आले, तेव्हा भाजपकडून. आणि २०१४, २०१९, २०२४ अशा तिन्ही वेळा भाजपचे सुधीर गाडगीळ.

मोजून बघा. १९८६ पासून आजवर या जागेसाठी नऊ निवडणुका झाल्या. त्यातल्या सात एकतर संभाजी पवारांनी जिंकल्या किंवा सुधीर गाडगीळांनी. २००४ला मदन पाटील आमदार झाले, तेही अपक्ष म्हणून! लोकसभेला काँग्रेसचा शिक्का मारणारं शहर विधानसभेला पैलवानाला आणि नंतर सराफी व्यवसायातल्या माणसाला निवडून देत होतं. म्हणजे ‘आधी काँग्रेसचं होतं, मोदी आल्यावर भाजपचं झालं’ ही गोष्ट ऐकायला सोपी असली तरी सांगली शहराला ती लागू पडत नाही.

असं का? जिल्ह्याच्या राजकारणाचं एक गणित आहे. साखर कारखाना, बँक, दूध संघ, कॉलेज, दवाखाना. ऊस कुणाच्या कारखान्याला जातो, पोराला नोकरी कुणाच्या संस्थेत लागली, आजीचं ऑपरेशन कुणाच्या हॉस्पिटलात झालं, यावरून मत ठरायचं आणि अजूनही बऱ्यापैकी ठरतं. त्यामुळे आडनावं टिकतात. २०२४चेच आमदार बघा. तासगाव-कवठे महांकाळला आर. आर. आबांचे चिरंजीव रोहित पाटील, पलूस-कडेगावला पतंगरावांचे विश्वजीत कदम, खानापूरला अनिल बाबरांचे सुहास बाबर. तिघं तीन वेगवेगळ्या पक्षांतले, पण वडील आमदार होते ही गोष्ट तिघांत समान. रोहित पाटील पंचविसाव्या वर्षी राज्यातले सर्वांत तरुण आमदार झाले. चेहरा नवा, आडनाव ओळखीचं.

शहरात मात्र ही साखळी सैल पडते. विश्रामबागच्या सोसायटीत राहणाऱ्या बँकवाल्याचा ऊस कुणाच्याच कारखान्याला जात नाही. मार्केट यार्डातल्या अडत्याला, मिरजेतल्या डॉक्टरला, कुपवाडच्या कामगाराला कारखान्याचा चेअरमन काय देणार? शहरातलं मत दुसऱ्या गोष्टींवर हलतं. धंद्याला काय पोषक, मंडळाशी कोण जोडलेलं, समाजाचा कल कुठं, हवा कुणाची आणि कधी कधी भीती कशाची. सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत गणेशोत्सवातल्या कमानीवरून दंगल झाली आणि महिन्याभरात विधानसभेची निवडणूक आली. मिरजेच्या राखीव जागेवर तेव्हा भाजपचे सुरेश खाडे निवडून आले आणि तेव्हापासून सलग चार वेळा तेच आमदार आहेत. त्या दंगलीचा उल्लेख टाळून मिरजेच्या मतदानाबद्दल बोलता येत नाही. पण चौथ्या विजयाचं कारणही तेवढंच, असं म्हणणं आळशीपणाचं होईल.

आता २०२४ची विधानसभा. लोकसभेचा निकाल जूनमध्ये लागला, विधानसभेचा नोव्हेंबरमध्ये. मधे फक्त साडेपाच महिने. सांगली लोकसभा मतदारसंघात विधानसभेच्या सहा जागा येतात. त्यातल्या चार महायुतीनं जिंकल्या. जिथं भाजपचा खासदार लाखभर मतांनी पडला होता, तिथंच!

खुद्द सांगलीत गाडगीळांना सुमारे १ लाख १२ हजार मतं पडली. काँग्रेसचे पृथ्वीराज पाटील ७६ हजारांवर थांबले. काँग्रेसच्या बंडखोर, मदन पाटलांच्या पत्नी जयश्री पाटील यांनी साडेबत्तीस हजार घेतली. निकालानंतर ‘बंडखोरी झाली म्हणून जागा गेली’ हे वाक्य गावभर फिरलं. कॅल्क्युलेटर उघडा. दोघांची बेरीज होते १ लाख ९ हजार. गाडगीळ त्याच्याही पुढं होते. अर्थात बंडखोरीमुळे कार्यकर्त्यांचा उत्साह जातो, कुंपणावरचा मतदार पलीकडे जातो, ते बेरजेत दिसत नाही. पण सगळं खापर एका माणसावर फोडण्याआधी निदान बेरीज तरी करावी.

याच जागेवर २०१९ला फरक सात हजारांच्याही आत होता. गाडगीळ ९३ हजार, पृथ्वीराज पाटील ८६ हजार. पाच वर्षांत तो ३६ हजारांवर गेला. मधे काय काय झालं? दोन्ही मोठे पक्ष फुटले. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजना आली आणि विधानसभेच्या मतदानाआधी बहिणींच्या खात्यात दरमहा १५०० प्रमाणे ७५०० रुपये जमा झाले. लोकसभेला संविधान, आरक्षण आणि शेतमालाचे भाव गाजले होते, विधानसभेला चर्चाच दुसरी होती. राज्यभर हेच घडलं. लोकसभेला महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा, विधानसभेला महायुतीला २८८ पैकी २३० जागा.

मतदार यादी मात्र जवळपास तीच. मग साडेपाच महिन्यांत लोकांची विचारसरणी बदलली का? तसं होत नाही. बदलला तो प्रश्न. आधी विचारलं होतं, ‘खासदार हाच हवा का?’ मग विचारलं, ‘राज्य कुणाच्या हातात देता?’ प्रश्न वेगळा, उत्तर वेगळं.

तिसरं मत : गल्लीसाठी

आता महापालिका. इथं तर सांगलीकरांनी कुणालाच सलग सुखानं बसू दिलेलं नाही. २००८ला जयंत पाटलांच्या पुढाकारानं झालेली विकास महाआघाडी सत्तेत आली. २०१३ला लोकांनी तिला घरी बसवून मदन पाटलांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसला सत्ता दिली. २०१८ला काँग्रेसला बाजूला करून भाजपला ७८ पैकी ४१ जागा दिल्या. काँग्रेस २०, राष्ट्रवादी १५. तीन निवडणुका, तीन वेगवेगळे कारभारी.

पण गोष्ट इथं संपत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये महापौरपदाची निवडणूक झाली. सभागृहात भाजपचं बहुमत असूनही महापौर झाले राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी. भाजपचे काही नगरसेवक फुटले. ज्या पक्षाला लोकांनी १५ जागा दिल्या, त्याचा महापौर. ज्याला ४१ दिल्या, तो विरोधात! ‘करेक्ट कार्यक्रम’ हा शब्द तेव्हा राज्यभर मीम होऊन फिरला. आपण हसलो, स्टेटस ठेवले. पण विचार करा, तुम्ही दिलेलं मत तुमच्या नगरसेवकानं परस्पर दुसरीकडे नेलं होतं. त्यानं कुठल्या पक्षाचा कार्यक्रम केला हे दिसलं. तुमचाही झाला, हे कुणी बोललं नाही.

गल्लीतलं मत इतकं वेगळं का असतं? एक तर प्रभाग. २०१८ला २० प्रभाग होते. बहुतेकांत चार नगरसेवक, दोन प्रभागांत तीन. म्हणजे एका मतदाराला चार मतं. अ जागेला एका पक्षाचा, ब जागेला दुसऱ्या पक्षाची, क ला अपक्ष, असं मनसोक्त मिसळता येतं आणि लोक मिसळतातही. शेजारचा, तालमीतला, भावकीतला, रात्री दोनला अॅम्ब्युलन्स घेऊन येणारा, असा माणूस बघून बटण दाबलं जातं. मोदी की राहुल हा प्रश्न गटारीच्या तुंबलेल्या तोंडाशी येऊन थांबतो.

आणि थांबायलाच हवा. कारण कुणाच्या हातात काय आहे, हे ओळखलं तर मतं वेगवेगळी का द्यावीत, हेही कळतं. सांगलीच्या पुराचंच घ्या. २००५, २०१९, २०२१. ऑगस्ट २०१९ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. या एका पाण्यात तीन सरकारं आहेत. अलमट्टीची उंची ५१९ मीटरवरून ५२४ मीटर करायची का, हा दोन राज्यांमधला, लवादाचा आणि दिल्लीचा प्रश्न. कोयनेतून पाणी कधी आणि किती सोडायचं, हे राज्याचं काम. आणि पूररेषेत बांधकाम कुणी होऊ दिलं, ओतात आणि नाल्यात भराव टाकताना कुणी बघितलं नाही, शामरावनगरात पाऊस थांबल्यावरही पाणी का साचून राहतं, हे विचारायचं महापालिकेला.

शेरीनाल्याचंही तसंच. शहराचं सांडपाणी कृष्णेत मिसळतं आणि हा विषय प्रत्येक निवडणुकीच्या जाहीरनाम्यात असतो. आश्वासन देणारे पक्ष बदलले, नाला तिथंच आहे. गुंठेवारीतली घरं, कुपवाडचं ड्रेनेज, मिरजेचे रस्ते यांची उत्तरं दिल्लीच्या लाटेत मिळणार नाहीत. ती शोधायची जागा महापालिकेची सभा.

झुकाव कुणाचा?

‘या शहराचा राजकीय कल कुठं आहे?’ असं विचारण्याआधी एक छोटी यादी वाचा.

संजयकाका पाटील : २०१४ला भाजपचे खासदार, २०१९लाही. २०२४च्या लोकसभेला पराभूत. त्याच वर्षी विधानसभेला अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून तासगावला उभे, पराभूत.

गोपीचंद पडळकर : २०१९च्या लोकसभेला वंचितकडून तीन लाख मतं. त्याच वर्षी भाजपमध्ये. २०२४ला जतमधून भाजपचे आमदार.

चंद्रहार पाटील : २०२४ला ठाकरेंच्या शिवसेनेचे उमेदवार. २०२५ला शिंदेंच्या शिवसेनेत.

जयश्री पाटील आणि पृथ्वीराज पाटील : २०२४ला गाडगीळांविरुद्ध लढलेले दोघंही. २०२५ला दोघंही भाजपमध्ये.

आता तुम्हीच सांगा, झुकलं कोण? नोव्हेंबर २०२४ला सांगलीत ज्या १ लाख ९ हजार लोकांनी भाजपच्या विरोधातल्या या दोघांना मत दिलं, ती माणसं अजून आपापल्या घरीच आहेत. त्यांचे उमेदवार मात्र वर्षभराच्या आत दुसऱ्या मांडवात जाऊन बसले. मतदाराचा कल मोजायचा तर उमेदवारानं निदान एका जागी उभं राहायला हवं ना!

म्हणून छोट्या शहरांबद्दल ‘हे लोक चंचल आहेत, पैशावर मत देतात, यांना विचारसरणी नसते’ असं कुणी म्हटलं की जरा थांबा. पैसा वाटला जात नाही असं म्हणायला मी भोळा नाही. जात बघितली जात नाही असंही नाही. पण आकडे सांगतात की हा मतदार पक्षापेक्षा माणूस लक्षात ठेवतो, चिन्ह बदललं तरी त्याला शोधून काढतो, आणि कारभार पसंत पडला नाही तर पाच वर्षांनी निरोप देतो. बॅट असो की लिफाफा, त्याला हवा तो माणूस यंत्रावर सापडतो. चंचलपणा शोधायचाच असेल तर तो व्यासपीठावर शोधावा.

आणि तुम्ही कुठं आहात?

आता मुद्द्याचं. जानेवारी २०२६च्या आधीची महापालिकेची निवडणूक झाली ऑगस्ट २०१८ला. मुदत संपली ऑगस्ट २०२३ला. तेव्हापासून जानेवारी २०२६च्या मतदानापर्यंत शहराला नगरसेवक नव्हता, महापौर नव्हता, सगळा कारभार प्रशासकाच्या हातात होता. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात राहिला आणि राज्यभरातल्या निवडणुका लटकल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या असं सांगितलं, तेव्हा चाकं हलली. इतर शहरांचं तर याहून वाईट. पुणे, नाशिक, सोलापूरला त्याआधीचं मतदान २०१७चं. कोल्हापूरला २०१५चं!

याचा अर्थ काय होतो बघा. २०००नंतर जन्मलेल्या सांगलीकर पोरा-पोरींनी खासदाराला मत दिलंय, आमदाराला मत दिलंय. पण आपल्या नळाला पाणी कधी येतं, आपल्या बोळातला दिवा का बंद आहे, आपल्या वॉर्डातल्या अभ्यासिकेचं काय झालं, हे ज्याला विचारायचं त्या माणसाला निवडायची संधी त्यांना तोवर एकदाही मिळाली नव्हती. म्हणजे अठरा ते पंचवीस वयाची एक अख्खी पिढी राजकारण शिकली ती थेट दिल्ली आणि मुंबईच्या वर्गात. बालवाडी बुडाली!

त्याचा परिणाम दिसतो. आपण राजकारणावर तावातावानं भांडतो, पण बहुतेक भांडण टीव्हीवरच्या चेहऱ्यांवरून असतं. ट्रम्प काय म्हणाला ते आपल्याला माहीत असतं. आपला प्रभाग क्रमांक विचारला तर आपण आईकडे बघतो. आपला ‘राजकीय कल’ म्हणजे खरं तर आपल्या फोनवर येणाऱ्या रील्सचा कल असतो. आणि मग महापालिकेलाही आपण त्याच रागानं नाहीतर त्याच प्रेमानं बटण दाबतो, ज्याचा शेरीनाल्याशी काडीचा संबंध नसतो.

कुणाला मत द्या हे सांगायचा मला अधिकार नाही आणि हौसही नाही. तुम्ही लोकसभेला एका पक्षाला आणि महापालिकेला दुसऱ्याला मत दिलंत तर त्यात गद्दारी नाही. तिन्ही वेळा एकाच पक्षाला दिलंत तरी हरकत नाही. फक्त कुठल्या प्रश्नाचं उत्तर आपण देतोय, एवढं बटणावर बोट ठेवताना माहीत असावं. आपल्या आई-वडिलांच्या पिढीनं या शहरात पैलवानाकडून दादांचं घर हरवून दाखवलंय आणि लिफाफ्यावर खासदार निवडून दिलाय. त्यांना कुणी गृहीत धरू शकलं नाही. तुम्हाला धरतायत का, ते मतमोजणीच्या दिवशी कळतं.

करून बघा : आपल्या बूथचा अभ्यास

१. निवडणूक निकालाचा ‘फॉर्म २०’ नावाचा तक्ता असतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुठल्या उमेदवाराला किती मतं पडली, ते लिहिलेलं असतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर लोकसभा आणि विधानसभेचे हे तक्ते मिळतात.

२. तुमच्या मतदान केंद्राचा क्रमांक शोधा. २०२४ची लोकसभा आणि २०२४ची विधानसभा शेजारी शेजारी मांडा. केंद्रांचे क्रमांक मधे बदललेले असू शकतात, म्हणून शाळेचं नाव जुळवून घ्या.

३. कोणाची मतं वाढली, कोणाची घटली, नोटाला किती पडली, एकूण मतदान वाढलं की कमी झालं, हे लिहून काढा. मग घरातल्या मोठ्यांना विचारा, ‘तेव्हा आपल्या भागात काय चाललं होतं?’ ‘आमच्या भागात सगळे अमक्याचेच’ हे वाक्य किती खरं आहे, ते अर्ध्या तासात कळेल.

४. महापालिकेला जाताना लक्षात ठेवा. चार सदस्यांच्या प्रभागात चार जागा असतात आणि प्रत्येक जागेसाठी एकदा बटण दाबायचं असतं. एकाच जागेवर दोघांना मत देता येत नाही. कुणीच पटत नसेल तर त्या जागेपुरता ‘नोटा’ आहे.

५. तुमच्या प्रभागातल्या चारही जागांचे उमेदवार कोण, ते मागच्या पाच वर्षांत कुठल्या पक्षात होते आणि त्यांनी शपथपत्रात काय लिहून दिलंय, ते मतदानाच्या आदल्या रात्रीपर्यंत वाचून ठेवा. आणि दारात मत मागायला कुणी आलं तर एकच प्रश्न विचारा : ‘निवडून आल्यावर पक्ष बदलणार नाही, हे लिहून देता का?’